श्वास मोकळा ठेवा : छातीच्या बाइंडरची निवड, वापर आणि निगा



डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जमलेल्या स्त्रियांशी मुद्दाम संवाद साधला. त्या वेळी ते पेहरावावरही बोलले. आपली जात दुरून ओळखू यावी अशा रीतीने लुगडे नेसू नका, हातापायांतील जड दागिन्यांचे ओझे टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. अंगावरचे कापड ही किरकोळ बाब नसून त्याचा माणसाच्या स्वाभिमानाशी संबंध असतो, हे त्यांनी जाणले होते. दुसऱ्या दिवशी कितीतरी स्त्रिया नव्या पद्धतीने लुगडे नेसून परिषदेला आल्या, ही गोष्ट आपल्या घरोघरी सांगितली जाते.

प्रस्तुत लेखही एका कापडाविषयीच आहे. त्याचे नाव बाइंडर. त्याविषयी आपण उघडपणे बोलत नाही. परंतु आपल्याच वस्त्यांतील, आपल्याच वसतिगृहांतील काही मुले ते वापरतात, आणि ज्यांना ते मिळत नाही ती त्याहून घातक उपाय करतात. म्हणून संकोच बाजूला ठेवून हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

बाइंडर कोणासाठी?

जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगी म्हणून झाली, पण जे मनाने स्वतःला पुरुष समजतात, त्यांना पारलिंगी पुरुष किंवा ट्रान्समॅन असे म्हणतात. काही जण स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी कोणत्याच चौकटीत बसवत नाहीत. वयात येताना छातीची होणारी वाढ अशा अनेकांना अत्यंत क्लेशदायक वाटते. आरशासमोर उभे राहणे, वर्गात फळ्यापाशी जाणे, बसमध्ये गर्दीत चढणे यांसारख्या साध्या गोष्टीही नकोशा होतात. छाती सपाट दिसावी म्हणून शर्टाच्या आत घालायचे घट्ट बंडीसारखे वस्त्र म्हणजे बाइंडर होय.

हा नवा रोग आहे किंवा शहरी फॅशन आहे, असे कोणी समजू नये. विनयपिटकात एक प्रसंग नोंदलेला आहे. एका भिक्खूच्या ठायी स्त्रीचे लिंग प्रकट झाले. ही गोष्ट भगवंतांच्या कानी घातली गेली, तेव्हा त्यांनी त्या व्यक्तीला संघाबाहेर काढले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तेवढेच वर्षावास कायम धरून भिक्खुणींसमवेत राहण्याची त्यांनी अनुज्ञा दिली. भिक्खुणीच्या ठायी पुरुषाचे लिंग प्रकट झाले तेव्हाही हाच न्याय लावला गेला. आपल्या देशात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्याच्या निकालात पारलिंगी व्यक्तींचे घटनादत्त मूलभूत हक्क मान्य केले. तेव्हा धम्म काय किंवा संविधान काय, दोघांच्याही दृष्टीने ही माणसे आपलीच आहेत.

छाती आवळल्यावर शरीरात काय होते?

आपल्या छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, खालचा श्वासपटल नावाचा स्नायू खाली जातो, आणि फुप्फुसे फुगतात. दिवसाला हजारो वेळा ही हालचाल होत असते. छातीभोवती घट्ट कापड आले की पिंजरा पुरता फुलत नाही. श्वास उथळ होतो. पाठीचे व खांद्याचे स्नायू जास्त काम करू लागतात आणि दुखू लागतात. कापडाखाली घाम अडकतो व त्वचा लाल होते.

छाती बांधण्याच्या परिणामांविषयी अमेरिकेतील संशोधकांनी एक पाहणी केली. ती २०१७ साली एका आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत १,८०० प्रौढ व्यक्तींनी भाग घेतला होता. त्यांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी आपल्याला निदान एक तरी शारीरिक त्रास झाल्याचे सांगितले. पाठदुखी, अंगात उष्णता वाढणे, छातीत दुखणे आणि दम लागणे हे त्रास साधारण निम्म्या लोकांत आढळले. आठवड्यातून जितके जास्त दिवस छाती बांधली जाई, तितके त्रास अधिक आढळत. विशेष म्हणजे दुकानातून विकत घेतलेल्या बाइंडरनेही त्रास होतो, हे याच पाहणीत दिसून आले. त्याच वेळी, छाती बांधल्यामुळे मनाची घालमेल कमी झाली, लोकांत वावरणे सुसह्य झाले, असेही अनेकांनी नमूद केले.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाइंडरमुळे मनाला आराम मिळतो आणि शरीरावर ताण येतो. म्हणून "वापरूच नका" हा सल्ला जसा निरुपयोगी, तसेच "कितीही वेळ वापरा" हेही घातक. इथे मध्यम मार्गच उपयोगी पडतो.

हे कधीही वापरू नये

काही दिवसांपूर्वी आमच्या आरोग्य शिबिरात महाविद्यालयात शिकणारा एक तरुण आला. बरगडीत दुखते एवढेच तो सांगत होता. बऱ्याच वेळाने, पडदा ओढल्यावर, त्याने शर्ट वर केला. त्याने छातीभोवती क्रेप बँडेजचे पाच-सहा वेढे घेतले होते आणि ते आवळून पिना लावल्या होत्या. कडेची कातडी सोलवटली होती. "रात्रीही काढत नाही, घरात कोणी पाहील म्हणून," असे तो म्हणाला. या मुलाला कोणीतरी आधीच नीट माहिती दिली असती, तर ही वेळ आली नसती. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

पुढील वस्तू छाती बांधण्यासाठी कदापि वापरू नयेत :

१) क्रेप बँडेज. हे मुरगळलेल्या पायासाठी असते. त्याचा ताण सर्वत्र सारखा राहत नाही. हालचाल होता होता ते सरकते, गुंडाळले जाते आणि एकाच रेषेवर आवळत जाते. त्यामुळे श्वास कोंडतो आणि बरगडीला इजा होऊ शकते.

२) चिकटपट्टी, मग ती पॅकिंगची असो वा विजेच्या कामाची. ती काढताना कातडी निघून येते.

३) प्लॅस्टिकचा कागद. त्यातून घाम मुळीच बाहेर पडत नाही.

४) कमरेचा पट्टा, पोट आवळण्याचे पट्टे, ओढणीचे वा साडीचे पीळ देऊन बांधलेले वेढे.

५) एकावर एक दोन बाइंडर. दाब दुप्पट होतो आणि छाती काही त्या प्रमाणात अधिक सपाट दिसत नाही.

निवड कशी करावी?

चांगल्या बाइंडरचा पुढचा भाग कमी ताणणारा व मागचा भाग ताणणारा असतो. त्यामुळे दाब पुढून सारखा पसरतो आणि श्वासाला मागून थोडी जागा मिळते. सर्व बाजूंनी अजिबात न ताणणारी घट्ट बंडी शिंप्याकडून शिवून घेणे योग्य नाही.

बाइंडरचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. आखूड बाइंडर बरगड्यांच्या खालच्या भागापर्यंत येतो. तो हवेशीर असतो आणि आपल्या हवामानात बरा पडतो. लांब बाइंडर कमरेपर्यंत येतो. तो वर सरकत नाही, पण उकाडा वाढवतो आणि पोटावरही दाब देतो. डोक्यावरून घालायचे, बाजूला हुक असलेले आणि चेन असलेले असेही भेद आहेत. ज्यांचे खांदे दुखतात त्यांना हुकाचा किंवा चेनचा बाइंडर काढा-घालायला सोपा जातो.

माप घेताना शिंप्याची मऊ टेप वापरावी. छाती जिथे सर्वांत भरलेली आहे तिथला घेर, छातीच्या लगेच खालचा घेर, आणि एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, अशी तीन मापे घ्यावीत. टेप आवळू नये आणि श्वास रोखू नये. ही मापे विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. प्रत्येक विक्रेत्याचा तक्ता वेगळा असतो, म्हणून "मला मीडियम लागतो" एवढ्यावर विसंबू नये. ज्याच्याकडे मापांचा तक्ताच नाही, त्याच्याकडून घेऊ नये. माप दोन आकारांच्या मध्ये आले तर मोठा आकार घ्यावा.

"एक नंबर लहान घेतला तर अधिक सपाट दिसेल" हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. लहान बाइंडरमध्ये छाती वरून व बगलेतून बाहेर येते, ती अधिकच उठून दिसते, आणि दुखणे पदरी पडते. बाइंडरने छाती कमी दिसते, नाहीशी होत नाही, हे मनाशी स्वीकारावे.

घालण्याची रीत आणि परीक्षा

नवा बाइंडर प्रथम घरी, निवांत वेळी घालून पाहावा. अंग कोरडे असावे. डोक्यावरून घालणे अवघड जात असेल तर पायांतून वर ओढून घ्यावा. घातल्यावर छातीचा भाग मध्यभागी एकत्र दाबून न ठेवता दोन्ही बाजूंना सारखा पसरवावा. खालची कड दुमडू नये, कारण दुमड पडली की तिथला दाब दुप्पट होतो. आतून पातळ सुती बनियन घातल्यास घाम टिपला जातो.

मग पुढील परीक्षा करावी. पोटभर दीर्घ श्वास घेता येतो का? न थांबता एक लांब वाक्य बोलता येते का? मांडी घालून बसता, वाकता, हात वर करता येतात का? हातांना मुंग्या येतात का? श्वास अपुरा वाटला किंवा मुंग्या आल्या, तर तो बाइंडर आपल्या मापाचा नाही. तो पैसे गेले म्हणून वापरत राहू नये.

आनापानसतीचा सराव करणाऱ्यांना हे सहज समजेल. श्वास आखूड आहे की दीर्घ आहे हे नुसते पाहायचे असते. बाइंडर घातलेल्या व्यक्तीने दिवसातून तीन-चार वेळा असेच आपल्या श्वासाकडे पाहावे.

किती वेळ?

पहिल्या आठवड्यात दिवसाला एक-दोन तासच घालावा. शरीराला सवय होईल तसा वेळ वाढवावा. सवय झाल्यावरही दिवसात आठ तासांपेक्षा अधिक घालू नये. मध्ये शक्य असेल तेव्हा, प्रसाधनगृहात का होईना, काही मिनिटे काढून दीर्घ श्वास घ्यावा. आठवड्यातून निदान एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. काढल्यावर खांदे फिरवावेत, पाठ ताणावी, दीर्घ श्वास घेऊन दोन-तीन वेळा खोकावे.

झोपताना बाइंडर काढलाच पाहिजे, याला अपवाद नाही. चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला जाताना रात्रभराचा रेल्वेप्रवास असतो. अशा वेळी प्रवासात सैल शर्ट व जाकीट घालावे आणि सकाळी उतरल्यावर बाइंडर घालावा. ६ डिसेंबरच्या लांबलचक रांगेत उभे राहण्याचे तासही त्या आठ तासांतच मोजावेत.

कबड्डी, धावणे, पोलीस भरतीचा सराव, हमाली, शेतातील अंगमेहनतीचे काम या वेळी बाइंडर घालू नये. अशा वेळी फुप्फुसांना अधिक हवा लागते. त्याऐवजी खेळाडू वापरतात ती स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल टी-शर्ट घालावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत बाइंडरचा वेळ निम्म्यावर आणावा, पाणी भरपूर प्यावे आणि भर दुपारी तो टाळावा. विपश्यना शिबिरात पहाटेपासून रात्रीपर्यंत बैठका असतात. तिथे बाइंडरऐवजी सैल वस्त्रे व अंगावर शाल घेणे हिताचे.

त्वचेची आणि बाइंडरची निगा

कोकणातील दमट हवेत आणि पावसाळ्यात छातीखालच्या घडीत गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग लवकर होतो. रोज साबणाने अंग धुऊन घडी पूर्ण कोरडी करावी. ओला किंवा अर्धवट वाळलेला बाइंडर घालू नये. चट्टे उठले, खाज सुटली किंवा कातडी सोलली, तर बरे होईपर्यंत बाइंडर बंद ठेवावा. औषधाच्या दुकानातून मनाने स्टेरॉइडयुक्त मलम आणून लावू नये. त्याने बुरशी तात्पुरती दबते आणि पुढे अधिक पसरते.

बाइंडर थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावा. धोक्याने बडवू नये, पिळू नये, ब्लीच घालू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे व सावलीत वाळवावा. कडक ऊन व इस्त्री यांनी त्यातील ताणणारे धागे मरतात. घरात उघड वाळत घालणे शक्य नसेल तर मोठ्या शर्टाच्या आत अडकवून वाळवता येतो. जमल्यास दोन बाइंडर आलटून पालटून वापरावेत. कापड ढिले झाले, शिवण उसवली की तो टाकून द्यावा. ढिला झाला म्हणून शिवून आवळू नये.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी काहीही जाणवल्यास बाइंडर तत्काळ काढावा : धाप लागणे, छातीत कळ येणे, चक्कर, हात बधिर होणे, बरगडीवर बोट ठेवताच तीव्र दुखणे. निघत नसेल तर सरळ कात्रीने बाजूने कापावा. जीव कापडापेक्षा मोलाचा आहे. काढल्यावरही त्रास थांबला नाही, किंवा ताप व खोकला असला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. बाइंडरविषयी डॉक्टरांपासून लपवू नये. ते माहीत नसेल तर दुखण्याचे कारण शोधण्यात वेळ जातो.

दमा, हृदयविकार, फुप्फुसाचा क्षय वा अन्य आजार, पाठीच्या कण्याला बाक, तीव्र आम्लपित्त असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाइंडर वापरू नये. सर्दी-खोकल्यातही तो टाळावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. छाती झाकली म्हणून ती तपासायची राहू नये. गाठ लागली, स्राव आला, तर संकोच न करता दाखवावे. स्तनाचा कर्करोग माणसाची ओळख विचारत नाही.

ज्यांना बाइंडर जमत नाही

त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. स्पोर्ट्स ब्रा, जाड कापडाचा गडद शर्ट, चौकड्यांचा किंवा खिशांचा सदरा, बनियनवर उघडे जाकीट यांनी बराच फरक पडतो. खेळाडू स्नायूंवर लावतात तशा ताणणाऱ्या पट्टीचाही काही जण उपयोग करतात. परंतु ती छातीभोवती पूर्ण वेढा घालून कधी लावू नये. आधी दंडाच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून अॅलर्जी येते का ते पाहावे आणि काढताना खोबरेल तेल लावून हळूहळू सोडवावी.

पालकांना आणि वसतिगृह चालकांना विनंती

आपल्या मुलाच्या कपाटात बाइंडर सापडला तर तो हिसकावून घेऊ नका, जाळू नका. बाइंडर गेला की मूल क्रेप बँडेजकडे वळते, आणि तेही तुमच्या नकळत. वाढत्या वयात बरगड्या व छाती अजून घडत असतात, म्हणून कमी तास आणि योग्य माप यांचे महत्त्व अधिक. त्याच्याबरोबर बसून माप घ्या, तासांचा नियम ठरवा, चांगल्या डॉक्टरांना दाखवा. सगळे समजले नाही तरी चालेल. "रात्री काढून झोप, घरात तुला कोणी काही बोलणार नाही," एवढे एक वाक्य बोललात तरी मुलाचा श्वास मोकळा होईल.

अतिसाराने आजारी पडलेल्या आणि कोणी विचारत नसलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. त्या भिक्खूची जवळच्यांनीच उपेक्षा केली होती. आपल्या घरातील, आपल्या विहारातील एखादे मूल शर्टाच्या आत असेच एकटे दुखणे सोसत असेल, तर त्याची विचारपूस करणे हाच आपला धम्म आहे.

शिबिरात आलेला तो तरुण पुढच्या वेळी आला तेव्हा त्याच्या अंगावर मापाचा बाइंडर होता आणि बरगडीचे दुखणे कमी झाले होते. सोबत त्याची आई होती. ती फार बोलली नाही. बाइंडर किती वेळात वाळतो, एवढेच तिने विचारले.

जयभीम! नमो बुद्धाय!